वरची लाईन

खुंटी ठोकणाऱ्या माणसाकडे गाव कसं बघतं, हे वैजनाथला चांगलं ठाऊक होतं. गाडीतून तिपाई उतरली की पारावरची माणसं बोलायची थांबतात. मग कुणीतरी पुढे येतं, गोड बोलतं, चहाचा आग्रह करतं आणि चहा अर्धा व्हायच्या आत विचारतं, आमचं शेत जाणार का? वैजनाथ लातूरच्या एका खाजगी कंपनीत सर्व्हेअर होता. रस्ते, पूल, तलाव काहीही व्हायचं असलं की जमिनीच्या पोटात काय आहे ते आधी बोअर मारून बघतात. ते बोअर नेमके कुठे मारायचे, ती जागा मोजून खुंटी ठोकायची, हे त्याचं काम. धर्माबादेपासून उदगीरपर्यंत त्याच्या खुंट्या कुठे ना कुठे ठोकलेल्या होत्या. त्याचं उत्तरही ठरलेलं असे. आम्ही फक्त मोजतो बाबा, घेणारे वेगळे. उत्तर खरं होतं आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

हेबळवाडीत मात्र हे उत्तर देऊन सुटता येणार नव्हतं. हेबळवाडी हे सिंधुअक्काचं, त्याच्या थोरल्या बहिणीचं सासर. उदगीरच्या पुढे, कर्नाटकाच्या अंगाला, एका ओढ्याच्या काठावर चाळीस-पन्नास घरांचं गाव. त्या ओढ्यावर साठवण तलाव मंजूर झाला होता. भिंत कुठे बांधायची, याच्या दोन लाईनी नकाशावर होत्या. वरची लाईन गावाच्या वरच्या अंगानं जात होती. तिथे भिंत झाली तर पाणी पलीकडे माळाच्या खोऱ्यात साठणार आणि गाव भिंतीखाली कोरडं राहणार. खालची लाईन गावाच्या खाली होती. तिथे भिंत झाली तर गाव तलावाच्या पोटात. पहिली पसंती वरच्या लाईनीला होती, पण अट एकच. दोन्ही काठांना खाली पक्का खडक लागला पाहिजे.

शहाण्या माणसानं हे काम घेतलंच नसतं. सोयऱ्याच्या गावात खुंट्या ठोकायच्या म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. वैजनाथनं मात्र साहेबाला सांगून ते मागून घेतलं. त्याचं कारण जुनं होतं. वैजनाथ शाळेत असताना त्यांचं स्वतःचं गाव एका मोठ्या धरणात गेलं. अक्काचं नुकतंच लग्न झालेलं. पहिल्या पंचमीला ती माहेरी आली ती थेट पुनर्वसनाच्या पत्र्याच्या शेडात. आईबाप त्या शेडातच म्हातारे झाले आणि गेले. तेव्हापासून अक्काचं माहेर म्हणजे लातुरातल्या वैजनाथच्या दोन खोल्या. हिचं सासर तरी जमिनीवर राहावं, एवढंच त्याला वाटत होतं. आपण तिथे असलो तर कामात हयगय होणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

"वैजू, वरचीच लाईन होऊ दे रं," अक्का पहिल्याच दिवशी म्हणाली.

"ते खडकाच्या हाती हाय, अक्का. माझ्या हाती न्हाई."

"मग खडकाला सांग."

असं म्हणून ती हसली होती. हसताना तिनं त्याच्या ताटात तिसरी भाकरी टाकली आणि तो नको म्हणायच्या आत वर पिठलंही वाढलं.

दिवाळी झाल्यावर त्यानं मोजणीचे तीन दगड रोवले. पुढची सगळी आखणी या दगडांवरून व्हायची असते. एक माळावर, सिमेंटमध्ये पक्का बसवलेला. दुसरा तिथून हाकेच्या अंतरावर, अक्काच्या नवऱ्याच्या, माणिकप्पाच्या शेतात, बांधाला लागून. तिसरा ओढ्याकडच्या वाटेवर. तिन्हींना चुना फासला आणि माथ्यावर फुली कोरली. बांधाचा दगड सिमेंटमध्ये बसवायचा राहिला, कारण सिमेंट माळावरच संपलं होतं. मग कुठल्याशा मंजुरीसाठी काम थांबलं आणि माणसं आपापल्या गावी गेली.

पुन्हा बोलावणं आलं ते येळवस, म्हणजे शेतातली वेळ अमावास्या, उरकल्यावर. काम एकदम घाईचं झालं होतं. बोअर मारायची गाडी भोकरकडचं काम संपवून निघालीसुद्धा होती, आणि ती येऊन उभी राहिली की तिचं भाडं सुरू. कंपनीचा इंजिनिअर महांतेश, निलंग्याकडचा पोरगेला माणूस, सकाळपासून फोनला चिकटलेला. वैजनाथनं माळावरच्या दगडावर यंत्र लावलं. वाटेवरचा तिसरा दगड कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं उखडून नेला होता, त्याचा पत्ताच नव्हता. राहिला बांधाचा दगड. यंत्रातून आधी त्या दगडावर नेम धरायचा, आणि तिथून कोन वळवून ओढ्यापलीकडच्या काठापर्यंत लाईन काढायची. दगडाचं अंतर त्यानं मोजून पाहिलं, चार बोटांचा फरक आला. शेतातल्या दगडाला एवढं चालतं. तिसऱ्या दगडावर ताळा करून बघायचा नियम होता, पण तिसरा दगड होताच कुठे? उपग्रहावरून जागा दाखवणारं कंपनीचं यंत्र नांदेडच्या कामावर अडकलेलं. वैजनाथ थोडा घुटमळला. महांतेश म्हणाला, काका, चला, गाडी उदगीरच्या अलीकडे आली. आणि वैजनाथनं कोन वळवला.

खुंट्या ठोकून झाल्या. अलीकडच्या काठाला, ओढ्याच्या पात्राजवळ, मग पलीकडच्या काठावर. माणिकप्पा हळदीकुंकवाची वाटी घेऊन मागे मागे फिरत होता. प्रत्येक खुंटीला दोन बोटं लावायची, हा अक्काचा हुकूम. महांतेशनं हसून फोटो काढला. वैजनाथला जरा लाजल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं.

मशीन चालवणारा भुजंग भोकरचा. बोलायला फटकळ, हाताला चांगला. अलीकडच्या काठाला त्यानं पहिला बोअर लावला आणि दोन हात मातीखाली काळा पाषाण लागला. नळीतून दगडाच्या लांबच लांब कांड्या निघत होत्या, गुळगुळीत, एक भेग नाही. लाकडी खोक्यात त्या ओळीनं मांडल्या तेव्हा अर्धं गाव बघायला आलं. अक्कानं एका कांडीवर हात फिरवला. दुसरा बोअर तसाच निघाला. त्या संध्याकाळी पारावर लोक मोठ्यानं बोलत होते, आणि वैजनाथला चार घरांतून जेवायचं आवतण आलं. त्याला वाटलं, जमलं बहुतेक.

मग गाडी ओढा ओलांडून पलीकडे गेली. पलीकडच्या काठाचा पहिला बोअर पिवळ्या मुरमात शिरला आणि मुरमातच राहिला. नळी वर काढली की खोक्यात नुसता चुरा. वरून सोडलेलं पाणी कुठल्या कुठे गायब होत होतं. पुढच्या खुंटीला तीच गत, त्याच्या पुढच्या खुंटीला त्याहून वाईट. भुजंग म्हणाला, पूर्वी कधीतरी ओढा इथून वाहत असणार, हे सगळं भरलेलं पात्र आहे, इथे भिंत बांधली तर खालून पाणी पळून जाईल. बघायला आलेली माणसं एकेक करून घरी गेली. अक्का शेवटपर्यंत थांबली होती. तिनं काही विचारलं नाही, आणि ती विचारत नाही याचाच वैजनाथला जास्त त्रास झाला.

अहवाल गेला. वरची लाईन बाद. खालच्या लाईनीवर बोअर झाले आणि तिथे दोन्ही काठांना खडक लागला. हेबळवाडीचं नाव बुडीत गावांच्या यादीत गेलं. मोबदला मिळेल, पत्र्याची असतील पण घरं मिळतील, नवी गावठाणं हल्ली बरी करतात, असं अधिकाऱ्यांनी येऊन सांगितलं. अक्काला यातलं एकेक वाक्य आधीच पाठ होतं.

चैत्रात वैजनाथ पुन्हा हेबळवाडीत आला. तलाव भरल्यावर पाणी कुठपर्यंत येईल, त्या रेषेच्या खुणा करायच्या होत्या. बहिणीच्या उंबऱ्यावर ही खूण दुसऱ्या कुणी करावी, असं त्याला फार वाटलं, पण दुसरं कुणी नव्हतं. या वेळी उपग्रहाचं यंत्र सोबत होतं. सवयीनं त्यानं ते आधी जुन्या दगडांवर लावून बघितलं. माळाचा दगड तंतोतंत जुळला. बांधाचा जुळेना. त्यानं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा लावलं. आकडा तोच. दगड आपल्या जागेवरून बाजूला सरकलेला होता, चांगला चार हात. माळापासूनचं अंतर जवळजवळ तेवढंच, पण जागा बाजूची.

माणिकप्पा बांधावरच विडी ओढत बसला होता. वैजनाथनं सहज विचारावं तसं विचारलं, दाजी, हा दगड कधी हलला होता का? माणिकप्पा ओशाळून हसला आणि सांगू लागला. येळवशीला शेतात कडब्याची खोपटासारखी कोप घातली, पांडव म्हणून पुजायचे पाच दगड मांडायला घेतले, तर त्यातला एक फुटलेला निघाला. बांध नीट करताना जेसीबीखाली गेला असणार. आता आयत्या वेळी पाचवा दगड कुठून आणायचा? अक्काची नजर याच्यावर गेली. आयताच चुना लावलेला, आकारही चांगला. तिनं आणि त्यानं मिळून तो उचलला आणि कोपीत मांडला. पूजा झाली, आंबील-भज्जीची पंगत उठली, आणि मग माणिकप्पाला भ्या वाटलं, की दगड सरकारी आहे.

"मग सांजच्याला मीच नेऊन ठिवला परत. फुली वर करून, नीट माती चोपून. तुमच्या अक्कानं त्याला वाटंला लावताना हळदकुकू वाहिलं. कुणाला कळलं बी न्हाई बगा."

दाराच्या बिजागरीपाशी बोटभर फरक पडला तर दाराच्या दुसऱ्या कडेला तोच वीतभर होतो. इथे बिजागरी माळावर होती आणि दाराची कड ओढ्यापलीकडे. अलीकडचे बोअर म्हणून जवळजवळ जागेवर पडले होते. पलीकडचे किती सरकले, याचा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप होत गेला, नको असताना. माणिकप्पाचं हसू मावळलं. काय झालं, असं त्यानं विचारलं. काही नाही, असं वैजनाथ म्हणाला आणि ओढ्याकडे चालू लागला.

पलीकडच्या काठाची खरी जागा त्यानं यंत्रावर शोधली. आपल्या खुंट्यांपासून ती एखाद्या शेताच्या रुंदीएवढी लांब होती. तिथे जमिनीतून काळा खडक वर आला होता. त्याच्यावर दोन शेळ्या उभ्या होत्या. वैजनाथनं टाच आपटली, टाचच दुखली. तो त्या खडकावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. शेळ्या राखणारी म्हातारी लांबून बघत राहिली, पण जवळ आली नाही.

महांतेश वाईट माणूस नव्हता. वैजनाथनं सांगितलं तेव्हा त्यानं सगळे आकडे पुन्हा तपासले, आणि तपासून झाल्यावर कागद मिटून ठेवले. मग म्हणाला, वर खडक दिसतो म्हणजे खाली असेलच असं नाही, काका. ते खरं होतं. खालच्या लाईनीची भिंत तोकडी, खर्च कमी, आता ती मंजूर झाली, पुन्हा वरची लाईन कोण काढणार? तेही खरं होतं. वैजनाथ दुसऱ्या दिवशी रजा टाकून लातूरला, सरकारी कचेरीत गेला. अख्खी सकाळ बाहेर बसल्यावर साहेबांनी आत घेतलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मधे फोन आला तो घेतला नाही. वैजनाथला आशा वाटली, ती एवढ्यावरच.

"दगड हलवला कुणी?" साहेबांनी विचारलं.

वैजनाथनं टेबलावरच्या कागदांकडे बघितलं.

साहेबांनी समजावून सांगितलं. मोजणीची सरकारी खूण हलवणं हा गुन्हा आहे. हलवणाऱ्याचं नाव द्या, पंचनामा होईल, जबाब होतील, मग अहवालात दोष आहे असं म्हणता येईल, आणि मग फेरबोअरचं बघू. 'बघू' हा शब्द वैजनाथनं कचेऱ्यांमधून इतक्यांदा ऐकला होता, की त्याचं वजन त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. तरी तो शब्द होता. नकार नव्हता.

समोरच्या खुर्चीत बसून त्यानं दोन्ही बाजू पाहिल्या. एका बाजूला गाव, आणि ते वाचण्याची एक केसाएवढी शक्यता. दुसऱ्या बाजूला अक्का. पंचनामा पारावरच होणार. अख्ख्या गावाला कळणार, की सिंधूनं येळवशीला पांडव म्हणून जो दगड पुजला त्यानं गाव बुडालं. फेरबोअर झाले नाहीत, किंवा झाले आणि मुरूमच लागला, तर त्या बाईला नव्या गावठाणात त्याच माणसांच्या शेजारी पत्र्याच्या घरात उरलेलं आयुष्य काढायचं होतं. आणि लोकांचं सोडा, ती स्वतः स्वतःला काय म्हणेल? तिनं भक्तीनं केलं होतं, गाव राहू दे म्हणून हात जोडले असतील, त्याच दगडापुढे.

"दगड कुणी हलवला न्हाई, साहेब," तो म्हणाला. "नेम माझाच चुकला. ताळा करायला पायजे होता, मी केला नाही."

त्यानं केलं ते बरोबर होतं की चूक, ते त्याला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. एवढ्या घरांपेक्षा त्यानं एका माणसाला मोठं धरलं, असं कुणी म्हटलं असतं तर त्याच्याकडे जबाब नव्हता. साहेबांनी सुस्कारा टाकला आणि तसं लिहून द्यायला सांगितलं. त्यानं लिहून दिलं. कामातली चूक असेल तर ती कंपनीनं बघावी, असं ठरलं. कंपनीनं बघितलं आणि वैजनाथला काढून टाकलं. अहवालाचं काय, तर तांत्रिकदृष्ट्या फरक पडत नाही, असा शेरा पडला. खालची लाईन कायम राहिली.

कचेरीतली बातमी कचेरीत राहत नसते. मृग तोंडावर आला तेव्हा वैजनाथ हेबळवाडीत गेला, तर पारावरच्या माणसांनी तोंडं फिरवली. कुणी चहा विचारला नाही. एक म्हातारा फक्त थुंकला, तोही बाजूला बघून. अक्काच्या घराच्या भिंतीवर त्यानंच काढलेली पाण्याची खूण होती, खिडकीच्या बरीच वर. माणिकप्पा ओसरीवर बसला होता. अक्कानं पाणी आणून दिलं, पाट मांडला, ताट वाढलं. मग ती समोर बसली.

"लोक म्हणत्यात ते खरं हाय का?"

"हाय."

"तूच चुकलास?"

"मीच चुकलो, अक्का."

ओसरीवरून माणिकप्पा उठून दारात आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. बांधावरच्या त्या दिवसापासून त्याला काहीबाही कळत आलं असणार, आणि आज उरलेलं कळलं. "अगं, जरा ऐक," तो म्हणाला.

"दाजी, बसा तुम्ही," वैजनाथ त्याच्याकडे सरळ बघत म्हणाला. "नेम मी धरला होता. दुसऱ्या कुणाचा त्यात हात न्हाई."

माणिकप्पा उंबऱ्यातच खाली बसला. त्याची मान खाली गेली, पण त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्याचं वैजनाथला दिसलं. त्या क्षणी वैजनाथला त्याचा राग आला, आणि राग येऊनही त्याला तो माणूस समजला.

अक्काच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"आपलं गाव गेलं तवा खुंट्या ठोकणारा परका होता," ती म्हणाली. "त्याला शिव्या तरी देता आल्या. तुला काय म्हणू?"

वैजनाथनं ताटाकडे बघितलं.

"जेव," ती म्हणाली. "आन् जेवून जा. पुन्हा या दारात येऊ नको. पंचमीला मला न्यायला बी येऊ नको."

उंबऱ्यातल्या माणिकप्पानं डोकं वर केलं नाही. बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. वैजनाथनं भाकरी मोडली. तो एकेक घास खात राहिला. अक्कानं वाढलेलं त्यानं सगळं संपवलं, कारण ताटात काही उरलेलं तिला लहानपणापासून चालत नसे. मग त्यानं हात धुतला आणि तिच्या पाया पडायला वाकला. तिनं पाय मागे घेतले.